आठवी पायली

शनिवारची शाळा सकाळची असते. साडेअकराला घंटा झाली, मुलं उधळली, आणि मी सायकल हातात धरून फाटकाबाहेर पडतो तोच समोरून रूपरावजी आले. सायकलवरून उतरले. उतरून बोलले, हे मी मुद्दाम सांगतो आहे. "मास्तर," ते म्हणाले, "नलूचं गणित आता तुमीच पाहा. किती घ्यान, ते तुमीच सांगा." बस, एवढंच. यात घाबरण्यासारखं काय आहे? वर्ध्यात रोज कोणी ना कोणी कोणत्या ना कोणत्या मास्तरला हे विचारत असेल. पण मी घाबरलो. बोटांना फळ्यावरची खडूची भुकटी होती, ती घामाने ओली होऊन सायकलच्या दांडीला चिकटली. आकडा माहीत नव्हता असं नाही, दोन-तीन आकडे एकदम आले आणि एकही जिभेवर टिकेना. मी म्हणालो, उद्या सांगतो. त्यांनी मान हलवली. उद्या रविवार आहे, संध्याकाळी घरी या, चहा घ्या, पोरीलाही बघून घ्या, असं म्हणून ते पुन्हा सायकलवर बसले आणि जाता जाता म्हणाले, "आकडा पक्का करूनच येजा." ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी फाटकाशीच उभा होतो. शिपाई बंडूजी कुलूप हातात घेऊन माझ्या जाण्याची वाट बघत होता.

रूपरावजी सिंदी मेघ्याला राहतात आणि सरकी काढण्याच्या एका जिनात कापसाच्या गाड्यांचं वजन लिहून घेतात. मूळचे ते आमच्याच गावचे, देवळीच्या पलीकडचे. त्यांची नलू मॅट्रिकला आहे आणि सहामाहीत गणितात नापास झाली. सहा महिने तिला सदाशिवराव मास्तर शिकवत होते. सदाशिवराव म्हणजे वर्ध्यातले जुने गणिताचे मास्तर, तीस वर्षं झाली, डोक्यावर काळी टोपी, घरी येऊन शिकवतात आणि महिन्याचे पंधरा रुपये घेतात. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्या वर्गातली मुलं दोन वर्षं गणितात पडली नाहीत, हेही आता लोकांना माहीत झालेलं दिसतं. म्हणजे उदाहरण सरळ आहे. सदाशिवरावांचे पंधरा, तर प्रेमदास मास्तरचे, म्हणजे माझे, किती? मी नालवाडीच्या रस्त्याने सायकल हातात धरून चालत निघालो, बसायचं सुचलंच नाही. बारा म्हणावेत, तर मी पाचातला एक भाग स्वतःहून कमी केला. कोणता भाग? वयाचा, अनुभवाचा, की जो कमी करायचा हे न बोलताच ठरलेलं असतं तो? दहा म्हटले तर तिसरा हिस्सा गेला. पंधरा म्हटले तर ते हसतील. वरून हसणार नाहीत, मी गेल्यावर हसतील, आणि मग ते हसू देवळीच्या मोटारीने गावाला जाईल, तिथे त्यांचे थोरले भाऊ रामाजी आहेत, आणि रामाजींच्या गावात माझा बा, नानाजी, राहतो. कागदावर मला आकड्यांची भीती कधी वाटली नाही. बी.एस्सी.च्या परीक्षेत पेपर हातात पडला की मला उलट बरं वाटायचं, घरी आल्यासारखं. पण आकडा तोंडाने मोठ्याने म्हणायचा, समोर माणूस उभा असताना, आपल्यासाठी म्हणायचा, हे मी आयुष्यात एकदाच केलं होतं.

तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. शाळेच्या पडवीत बसून आतल्या मुलांबरोबर पाढे म्हणायचो आणि मला विसापर्यंत पाढे येत होते, ही माझी त्या वयातली सगळी श्रीमंती. बा गावकीचं काम करायचा. गस्त घालायची, सरकारी चिठ्ठी पोचवायची, मेलेलं ढोर ओढायचं, मर्तिकाचा निरोप आठ कोसांवर नेऊन द्यायचा. याचे पैसे नसत. हंगामाला खळ्यावर जायचं आणि मिळेल ते बलुतं घ्यायचं. भैय्याजींकडून, म्हणजे रूपरावजींच्या वडिलांकडून, वर्षाला आठ पायल्या ज्वारी ठरलेली होती. कोणी ठरवली, कधी, कोणाला ठाऊक नाही, पण आठ. बा मला घेऊन गेला. राशीपासून लांब जमिनीवर त्याने दुपटं पसरलं, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. पाठ फिरवली. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पायली भरायला रूपरावजी होते, वीस-बावीस वर्षांचे, हातात चांदीचं कडं. ते भरायचे आणि दुपट्यावर ओतायचे, बा दुसरीकडेच बघत होता, आणि मी मोजत होतो. सात झाल्यावर रूपरावजींनी पायली राशीवर पालथी टाकली. मी मोठ्याने म्हणालो, "सात. बा, एक राह्यली."

खळ्यावर सगळे थांबले. बैलसुद्धा थांबल्यासारखे मला आठवतात, पण ते खरं नसेल. बाजेवर बसलेले भैय्याजी रागावले नाहीत. ते मायेने हसले, पोरगं हुशार आहे म्हणाले, आणि त्यांनी सालदाराला सांगितलं की दुपट्यातली सगळी ज्वारी पुन्हा राशीवर ओत. मग मला म्हणाले, "आता तूच मोजून घे. पण पायलीले हात नाई लावाचा. ओंजळीनं मोज." मी ओंजळ करून उभा राहिलो. ओंजळी किती म्हणजे पायली, हे पाढ्यात नव्हतं. लोक हसायला लागले. बा आला, त्याने माझ्या थोबाडीत मारली, माझ्यापुढे उभं राहून हात जोडले, आणि "द्यान ते, मालक, द्यान ते" असं म्हणत गुडघ्यावर बसून स्वतःच्या ओंजळीने दुपट्यावर ज्वारी टाकायला लागला. अठ्ठावीस ओंजळी झाल्यावर भैय्याजी पुरे म्हणाले. मला हे ठाऊक आहे कारण मी तेव्हाही मोजतच होतो, फक्त ओठ मिटून. पुढे कॉलेजात असताना एकदा खोलीवर मी ओंजळीने ज्वारी मोजून बघितली. एका पायलीला चौदा ओंजळी लागतात. म्हणजे त्या वर्षी घरच्या आठातल्या सहा पायल्या गेल्या, एक त्यांनी ठेवलेली आणि पाच मी बोललो म्हणून. माझं हे पहिलं सोडवलेलं उदाहरण, आणि ते सोडवायला मला अकरा वर्षं लागली.

घरी आलो तर कांता, माझी बायको, तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, खळ्याचं सोडून. ते मी तिला कधीच सांगितलेलं नाही. ती नागपूरची, गिरणीच्या चाळीत वाढलेली, तिचे वडील संपात भाषणं करायचे. बाजारात ती भाव करते तेव्हा मी दोन दुकानं पुढे जाऊन उभा राहतो. ती म्हणाली, वीस सांगा आणि पंधरावर या. मी म्हणालो, हे काय भाजी विकणं आहे? त्यावर तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "कोथिंबीरवालीले पण आपल्या जुडीचा भाव ठाऊक रायते," ती म्हणाली. "तुमाले तुमचा नाई ठाऊक?" यात चिडवण्याचाच भाग जास्त होता, पण मी जेवलो नाही. तिला वाटलं राग आला. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आलेला माणूस कुठेतरी उभा असतो. मला नुसती भीती वाटत होती, आणि तीही कशाची ते नीट सांगता येईना. रूपरावजींना ते खळं आठवतं की नाही, हा प्रश्न दुपारभर माझ्या डोक्यात फिरत राहिला. आठवत असेल तर ते माझी परीक्षा बघत आहेत. आठवत नसेल तर ते त्याहून वाईट, कारण मग ती गोष्ट जगात फक्त माझ्या आणि बाच्याच लक्षात आहे, आणि आम्ही दोघं तिच्याबद्दल एकवीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही.

आणि बासाठीच तर हे सगळं होतं. गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षा घेतली, बा पांढरं धोतर नेसून चालत गेला होता, तीन दिवस. परत आल्यावर त्याने गावकीचं काम सोडलं. ढोर ओढणार नाही, चिठ्ठी नेणार नाही आणि खळ्यावरही जाणार नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं, म्हातारा चार दिवस अंगात आल्यासारखं करेल. नंतर शेतावरची मजुरी बंद झाली. आईलाही तण निंदायला कोणी बोलवेना. मी पगारातून पाठवतो ते घरभाडं आणि धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाचे पैसे जाऊन उरेल तेवढं, आणि ते पुरत नाही. या हिशेबात मी बरोबर आहे. आजच्या बाजारभावाने दहा रुपयांत दोन माणसांची महिन्याची ज्वारी येते, नुसती ज्वारी. पंधरा मिळाले तर तुरीची डाळ, तेल, मीठ, मिरची सगळं बसतं. म्हणजे पंधरा मिळाले तर माझा बा उभा राहतो. नाही मिळाले, तर येत्या बुधवारी रामाजींच्या खळ्यावर रास आहे आणि आई त्याला म्हणते आहे की एकदा जाऊन या. फक्त एकदाच जा. हे ती गेल्या पत्रात कोणाकडून तरी लिहवून घेऊन बोलली होती. ते पत्र मी गणिताच्या पुस्तकात ठेवलं आहे आणि ते पुस्तक शाळेत नेत नाही.

रविवारी सकाळी पहिल्या मोटारीने मी देवळीला गेलो. का गेलो, तर बाला आकडा विचारायला. ऐकायला वेडेपणाच वाटेल. ज्याने जन्मात स्वतःच्या तोंडाने कधी आकडा सांगितला नाही, त्याला विचारायचं. मोटारीत कंडक्टरने दहा आण्यांच्या तिकिटाचे त्रेसष्ट नवे पैसे घेतले. बासष्ट होतात. शाळेत नव्या पैशांचं कोष्टक मीच मुलांकडून घोकून घेतलं आहे, भिंतीवर मीच टांगलं आहे. जवळ बसलेल्या एका म्हातारीने, हे नवे पैसे म्हणजे गरिबाच्या खिशाला भोक, असं काहीसं पुटपुटत त्रेसष्ट दिले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एका पैशाने काय होतं, असं स्वतःला सांगितलं, आणि देवळी येईपर्यंत त्या एका पैशाने मला काही सुचू दिलं नाही. देवळीहून गावापर्यंत दोन कोस चालायचं. वाटेत कापसाच्या गाड्या, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस, आणि जागोजाग खळी. ज्वारीची कणसं तुडवत बैल फिरत होते, हवेत भुसा उडत होता आणि तो नाकात गेला की घशाशी तीच जुनी कोरड. एका खळ्यावर कोणीतरी पायलीने मोजत होतं, लाभ, दोन, तीन, असा सूर लावून, एकाला लाभ म्हणतात म्हणून. मी झपझप पुढे गेलो. आठपर्यंत ऐकायची हिंमत झाली नाही.

बा दारात बसून अंबाडीची दोरी वळत होता. दोऱ्या विकून दिवसाला चार-सहा आणे सुटतात, देवळीच्या बाजारापर्यंत नेल्या तर. मी बसलो. आईने पाणी दिलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती आत गेली. मी रूपरावजींचं सांगितलं, ते सायकलवरून उतरले हेही सांगितलं, आणि विचारलं की किती सांगू. बा दोरी वळतच राहिला. हाताला थुंकी लावून पीळ द्यायचा, मांडीखाली दाबायचा, पुन्हा पीळ. मग तो म्हणाला, "मी कधी सांगतला का आकडा? मले काय इचारतं." ते खरंच होतं. मी उठायला लागलो तेव्हा तो खालच्या आवाजात, दोरीकडेच बघत म्हणाला, "सातच होत्या."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. एकवीस वर्षांनी तो त्या खळ्यावर आला होता, आणि मला एकट्याला तिथे बघून जणू माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. "तू तं रस्त्याकडं तोंड करून उभा होता," मी म्हणालो.

"तोंड तिकडं होतं. कान तं इकडंच होते ना." पायली भरून ओतली की तिचा आवाज येतो, तो सांगत होता. पहिलीचा दुपट्यावर सपाट येतो, दुसरीचा ज्वारीवर ज्वारी पडल्याचा, शिगोशीग भरली असेल तर लांब येतो, आखूड भरली असेल तर मध्येच तुटतो. डोळे मिटूनही सांगता येतं. दर साली सातच असायच्या. एका साली तर साडेसहा होत्या. त्याने मला सालं सांगितली, कोणत्या साली किती, तोंडपाठ, एकाही कागदाशिवाय. मी बी.एस्सी. झालेला गणिताचा मास्तर, माझ्या बापाला मोजता येत नाही असं समजून आजवर जगलो होतो. मी विचारलं, "मंग तू बोल्ला काऊन नाई?"

"भेव," बा म्हणाला. त्याने दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "म्हून तं पाठ फिरवत होतो, लेका. डोळ्यानं पायलं असतं तं मंग तोंड गप राह्यलं नसतं." आणि एवढं बोलल्यावर त्याच्या हातातला दोरीचा पीळ सुटला, आणि तो सुटलेला पीळ तो पुन्हा पुन्हा जमवत राहिला. त्याने आकडा सांगितला नाहीच. आई मला वेशीपर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली की दहा तरी देतीलच ना रे, दहा दिले तरी मी यांना बुधवारी जाऊ देणार नाही. मी हो म्हणालो. तिला दहाचा हिशेब पुरत होता. नुसती ज्वारी खाऊन ती जगली असती आणि मला कधी कळूही दिलं नसतं.

सिंदी मेघ्याला पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. रूपरावजींच्या घराला पुढे ओसरी आहे, ओसरीत दोन खुर्च्या होत्या आणि त्यांनी मला एका खुर्चीवर बसायला सांगितलं. मी बसलो, पण पाठ टेकली नाही. त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, चहा आणला, कपबशीत आणला. माझा कप आणि रूपरावजींचा कप एकाच नक्षीचा आहे का हे मी दोनदा बघितलं, आणि एकाच नक्षीचा आहे हे दिसल्यावर मला माझीच लाज वाटली. ती लाजसुद्धा घाबरलेलीच होती. मग नलू आली. सोळा वर्षांची, दोन वेण्या, हातात वही, उंबऱ्याजवळच्या चटईवर बसली. मी तिला एक सोपं उदाहरण घातलं, दोन नळ एक हौद इतक्या तासांत भरतात, तसलं. ती गप्प. रूपरावजी म्हणाले, बघा, हे असंच. सदाशिवराव समोर उभं करून विचारत तेव्हाही ही अशीच खांबासारखी उभी राहायची, म्हणून ते चिडायचे. पण मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं होतं आणि त्यावर तळहात झाकून धरला होता. मी हात उचल म्हणालो. उत्तर बरोबर होतं.

"मंग सांगितलं काऊन नाई?" माझ्या तोंडून सकाळचाच प्रश्न गेला, सकाळच्याच बोलीत. ती मान खाली घालून म्हणाली, "भेव लागते, सर. चुकलं तं सगळे हासतात." या पोरीला गणित येत होतं. तिला सहा महिने जे शिकवलं ते तिला आधीच येत होतं, आणि जे येत नव्हतं त्याला कोणी हात लावला नव्हता, कारण ते काय आहे हे सदाशिवरावांना कळण्यासारखंच नव्हतं. मला कळत होतं. सगळ्या वर्ध्यात ते बहुतेक मलाच कळत होतं. आणि शिकवायचं कोणाला, तर भैय्याजींच्या नातीला. मी तिला आत जाऊन पुढची तीन उदाहरणं सोडवायला सांगितली, आणि ती दाराआड बसली. तिच्या पेन्सिलीची खरखर बाहेर येत होती.

"मंग किती?" रूपरावजींनी विचारलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात ते स्वतःच हसून म्हणाले, "रामाजीभाऊ काल जिनात आलता. म्हणे, तो आकडा सांगणार नाई पाहाय. नानाजीचा पोरगा हाय, द्यान ते घेईन." त्यात खोच नव्हती, किंवा असली तरी त्यांची त्यांना ठाऊक नव्हती. घरातली जुनी गंमत सांगावी तसं ते बोलले. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. आणि खरंच सांगतो, ते शब्द माझ्या तोंडात तयार होते. द्याल ते. त्याला हिशेब लागत नाही, त्यात कोणी हसत नाही, उलट समोरच्याला बरं वाटतं, तो मोठा होतो आणि मोठेपणाने कधीकधी ठरल्यापेक्षा जास्तही देतो. जीभ टाळूला लागली होती. फक्त सोडायची होती. ओसरीखालच्या नालीत एक कोंबडी चोच मारत होती, ती मला अगदी स्पष्ट दिसत होती, तिच्या मानेवरची गेलेली पिसंसुद्धा.

"पंधरा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की तो मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. म्हणून पुन्हा म्हणालो. "महिन्याचे पंधरा. पहिला महिना आगाऊ."

ते माझ्याकडे बघत राहिले. "सदाशिवराव पंधरा घेत," ते म्हणाले. मी म्हणालो, हो. "त्यायले तीस वर्सं झाले." मी म्हणालो, हो. काल रात्रीपासून जमवलेली सगळी वाक्यं, मुलांचा निकाल, बी.एस्सी.चे गुण, वेळ, अंतर, सगळी कुठेतरी गेली होती. मला वाटलं आता ते उठतील, बरं पाहू म्हणतील, आणि बुधवारी बा दुपटं खांद्यावर टाकून खळ्याकडे निघेल. आत पेन्सिल थांबली होती. रुख्माबाईही दाराशी येऊन उभ्या होत्या. रूपरावजी उठले, आत गेले. आत पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नोटांची गड्डी होती, कापसाच्या बाजारातल्या मळक्या, एकेका रुपयाच्या. मी उभा राहिलो. ते मोजायला लागले.

मला भान आलं तेव्हा मी रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. कधी वळलो, मला सांगता येणार नाही. कोणी मला हे शिकवलं नव्हतं. समोर रस्ता होता, पलीकडे कोणाच्या तरी परसातला लिंब, एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, आणि माझी पाठ रूपरावजींच्या हातांकडे होती. त्याच हातांकडे. कान मात्र मागेच होते. मी ऐकत होतो, श्वास धरून, जीव तोडून ऐकत होतो. आणि काहीच ऐकू येत नव्हतं. ज्वारीला आवाज असतो. घामाने मऊ पडलेल्या नोटा एकमेकींवरून सरकल्या तर कुठेच काही होत नाही. पाच झाल्या असतील की दहा, की चौदावर थांबल्या असतील. बाला निदान ऐकू यायचं. मी इथेच असा उभा राहिलो तर मला कधीच काही कळणार नव्हतं, आणि घरी गेल्यावर त्या मी मोजणारही नाही, एक कमी असली तरी मोटारीतल्या पैशासारखी गिळून टाकीन, आणि पुढच्या महिन्यात त्या एकीच्या दोन होतील. भीती दोन्हीकडे सारखीच होती. मी ओसरीचा खांब धरला आणि वळलो.

वळून मी त्यांच्या हातांकडे बघायला लागलो. तोंडाकडे बघण्याची ताकद नव्हती, हातांकडेच. मनगटावर कडं नव्हतं, आता घड्याळ होतं. अंगठा एका नोटेवर थांबला. रूपरावजींनी वर माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या नोटांकडे पाहिलं. किती झाल्या होत्या, त्यांना काय आठवलं, मला माहीत नाही. मोजलेल्या आणि न मोजलेल्या सगळ्या नोटा त्यांनी पुन्हा एकत्र केल्या, अंगठ्याला जीभ लावली, आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, यावेळी मोठ्याने, एकेक नोट माझ्या हातावर ठेवत. त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागत होती. दारात नलू येऊन उभी राहिली होती, वही छातीशी धरून. पाच. सहा. सात. सातवर ते थांबले, बहुतेक अंगठा ओला करायला.

"आठ," मी म्हणालो.